कडू दुधी आणि माझा जबाब

दुधी भोपळा पिऊन दवाखान्यात भरती झालेली आमच्या घराण्यातली मी पहिलीच बाई. (त्याआधीचे लोक दुधी खायचे. पिण्यापर्यंतची प्रगती माझ्या हातून झाली.)

सुरुवात झाली आमच्या ह्यांच्या रक्तापासून. ह्यांचं महाडच्या बाजारात वह्या-पेनांचं दुकान. दिवसभर गल्ल्यावर बसायचं आणि उठायचं ते फक्त चहाला. गेल्या वर्षी रक्त तपासलं तर साखर काठावर निघाली.

"अजून डायबेटिस नाही," डॉक्टर म्हणाले, "पण दारात येऊन उभा आहे. पालेभाज्या, कडधान्यं, नाचणीची भाकरी खा. तळलेलं, गोड, मटण कमी करा. रोज चाला."

हे हसले. मला हसू येईना. माझ्या सासऱ्यांचा पाय ह्याच रोगाने गेला होता. शेवटी शेवटी ते पडवीत बसून "अंगठ्याला खाज येते गो" म्हणायचे, आणि तिथे अंगठाच नव्हता! ह्यांचा चेहरा हुबेहूब वडिलांचा. मी घरी आल्यावर ह्यांचे मोजे काढायला लावले आणि पायाची बोटं बघत बसले. तीही हुबेहूब वडिलांचीच.

मग मी हातात सूत्रं घेतली. डॉक्टरांनी मटण कमी करा म्हटलं होतं. मी घरातून मटण, अंडी, सुकट, साखर आणि बटाटा एकाच दिवशी हद्दपार केले. सुकटीचा डबा शेजारणीला दिला, तेव्हा हे त्याला दारापर्यंत पोचवायला गेले होते.

"आज काय आहे गं?"

"कुळीथ."

"आणि उद्या?"

"उद्या चवळी."

"वा! म्हणजे सणच!"

इथवर सगळं ठीक होतं. पण मला घाई झाली होती. कुळीथ हळूहळू काम करणार, आणि मला ती बोटं तर लगेच वाचवायची होती! अशातच मोबाइलवर एक दाढीवाले गृहस्थ भेटले. कच्च्या दुधीचा रस रिकाम्या पोटी प्या, रक्त धुऊन निघतं, असं ते सांगत होते. धुऊन! मला तो शब्द फार आवडला. आमच्याकडे कपडे, भांडी, जिना सगळं मीच धुते, मग रक्त तेवढं का सोडा?

ऑक्टोबरातल्या एका शनिवारी आम्ही गावी गेलो. गाव पोलादपूरच्या वर, डोंगरात. सासूबाई तिथेच राहतात. मी महाडहून पिशवीतून मिक्सर नेला होता, कारण सासूबाईंच्या गोठ्यामागे आपोआप उगवलेल्या वेलाला दुधी लागलाय, ही बातमी मला फोनवरून आधीच लागली होती. रविवारी सकाळी उठल्या उठल्या मी तो तोडला, किसला, फिरवला, गाळला आणि दोन मोठे ग्लास भरले. हिरवागार रस! ह्यांनी एक घोट घेतला आणि अंगणात थुंकला.

"अगं, कडू जहर आहे!"

"औषध कधी गोड असतं का?"

"हे औषध नाही, हा दुधी आहे!"

सासूबाई माझ्या बाजूने. "पी रे, पी. कारला कडूच असता ना? कडू हाय ता रगताला चांगला."

"मग तू पी की आये!"

"मला नको. माजे दात नायत." (रस प्यायला दात कशाला लागतात, हे विचारायचं मला सुचलं नाही.)

हे ग्लास ठेवून मागच्या दाराने निघाले. आता प्रश्न इभ्रतीचा होता. "बघा! काही होत नाही!" असं म्हणून मी माझा ग्लास घटाघटा संपवला. आणि त्यांचाही!

भाकऱ्या थापायला बसले, तोवर पोटात कुणीतरी ओला टॉवेल पिळावा तशी कळ आली. मग उलटी. मग दुसरी. मग मोजणं सोडून दिलं. सासूबाईंनी मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. त्या धुराने त्यांना ठसका लागला, ह्यांना ठसका लागला, आणि मला आणखी एक उलटी झाली. तिच्यात लाल दिसलं. ह्यांनी ते पाहिलं आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी मला उचललं. लग्नानंतर पहिल्यांदाच! (तेव्हा माझी शुद्ध नीट नसावी, ह्याची हळहळ अजून वाटते.)

खाली रस्त्यावर जीप सुटतच होती. आत आधीच माणसं कोंबलेली. ह्यांनी मला मधल्या सीटवर आडवी घातली.

"काय झाला हो हिला?" एका म्हातारीने विचारलं.

"प्यायली हो!" हे ओरडले. "औषध म्हणून प्यायली!"

जीपमधली सगळी माणसं एकदम ह्यांच्याकडे वळली. गावाकडे 'बाई औषध प्यायली' म्हटलं की त्याचा अर्थ एकच होतो, आणि तो खोकल्याचा नसतो. ड्रायव्हरने गाडी वळणांवरून अशी सोडली की मला वाटलं, रसाच्या आधी हाच पोचवतो. म्हातारीने माझं डोकं मांडीवर घेतलं आणि ह्यांच्याकडे जळजळीत पाहिलं.

"काय छळ केलास रे पोरीचा?"

"मी? मी काही नाही केलं!"

पोलादपुरात पहिला दवाखाना दिसला. शटर खाली. रविवार! पुढच्याचे डॉक्टर बाहेरगावी. "महाडला घे!" हे किंचाळले. आता माझे हात गार पडत होते. आवाज लांबून यायला लागले. डोळ्यांपुढे काळं येत होतं आणि त्या काळ्यात मला सासऱ्यांचा पाय दिसत होता. ह्यांनी माझा हात घट्ट धरला. 

"सुनंदा, डोळे उघड! हे बघ, मी तुला फसवलं गं. रोज दुपारी तुझ्या नकळत जातो मी."

"कुणाकडं जातोस रे मेल्या?" म्हातारी गरजली.

"वडापाववाल्याकडे!" हे हुंदका देत म्हणाले. "रोज दोन खातो! चटणी जास्त घेऊन!"

खरं सांगते, त्या वाक्याने मी वाचले. मी महिनाभर कुळीथ गिळतेय आणि हा माणूस चटणी जास्त घेतोय! मला असा संताप आला की डोळे खाडकन उघडले.

"बघा, हुशारी आली!" कुणीतरी म्हणालं.

महाडच्या दवाखान्यात माझ्याआधी माझी बातमी पोचली. म्हातारी पुढे धावत जाऊन ओरडली होती, "औषध प्यायलेली बाई हाय!" डॉक्टरीणबाई स्ट्रेचरबरोबर पळत आल्या.

"कुठलं औषध? फवारणीचं? डबा आणलाय का?"

"डबा नाही हो, मिक्सर होता," हे म्हणाले.

"दुधीचा रस," मी कशीबशी पुटपुटले.

बाई थांबल्या. "कडू होता?"

"हो."

"किती घेतला?"

"माझा ग्लास. आणि ह्यांचा."

बाईंनी डोळे मिटून घेतले. मग भराभर सुया, सलाइन, नळ्या. रक्तदाब इतका खाली गेला होता की दोन नर्स दोन्ही हातांना लागल्या. हे दाराबाहेर भिंतीला टेकून उभे होते. मी दारातून पाहिलं तर ते पाण्याचा घोटही घेत नव्हते. तेव्हा मला पहिल्यांदा खरी भीती वाटली.

संध्याकाळी हवालदार आले. दवाखान्यातून पोलिसांत वर्दी गेली होती. मी कोर्टाबाहेर टायपिंग करते. असले जबाब मी ढिगाने टाइप केलेत. स्वतःचा पहिलाच.

"नवऱ्याचा काही त्रास?"

"आहे. भाज्या खात नाही."

हवालदारांनी पेन थांबवलं. "आणखी?"

"चटणी जास्त घेतो."

त्यांनी वही मिटली. मग म्हणाले, "बाई, तुम्ही पडून राहा," आणि ह्यांना बाहेर नेऊन चहा पाजला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी मला नीट झापलं. दुधी किंवा काकडी चिरली की आधी एक तुकडा जिभेला लावायचा. कडू लागला तर थुंकायचा आणि सगळं फळ टाकून द्यायचं. कडू दुधीत विष असतं आणि ते शिजवूनही जात नाही. "भाज्या, डाळी, कडधान्यं जरूर खा, पण जेवणात, शिजवून, चावून. रोग एका ग्लासात टळत नाही हो. तो रोजच्या ताटात टळतो."

मी मान हलवली. हे मात्र इतके घाबरले होते की त्यांनी ते शब्दशः घेतलं. मला स्वयंपाकघरात पाऊल टाकू देईनात. स्वतः कुळथाची पिठी ढवळायला शिकले, नाचणीच्या भाकरीला तडे पाडायला शिकले, शेवग्याचा पाला निवडायला शिकले. वडापाव सुटला. सकाळी चवदार तळ्यापर्यंत चालून यायला लागले. काही महिन्यांनी रक्त तपासलं तर साखर काठावरून पार आत आलेली! पायाची बोटं सुरक्षित!

"शाब्बास!" डॉक्टर त्यांना म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "वहिनी, आलाच आहात तर तुमचीही बघू."

बघितली. काठावर!

"गोड खाता का?"

"छे हो!" मी म्हणाले. "अशक्तपणा होता, म्हणून जरा..."

जरा म्हणजे, आजारी बाईला बघायला कोणी रिकाम्या हाताने येत नाही. शेजारीण शिरा घेऊन आली. माहेरहून खोबऱ्याच्या वड्या आल्या. त्या जीपमधली म्हातारीसुद्धा पत्ता शोधत आली, गुळाची ढेप घेऊन. आणि सासूबाई तर दर बाजाराला डिंकाचे लाडू पाठवत होत्या. त्या नेमक्या त्या दिवशी आमच्याबरोबर आल्या होत्या. बाकावरून म्हणाल्या, "सुने, लाडवांचा तिसरा डबा रिकामा झाला असंल तर दे गो. चौथा भरायचा हाय."

डॉक्टरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. ह्यांनी तर पाहिलंसुद्धा नाही. ते सरळ खाली बाजारात गेले आणि येताना कुळीथ घेऊन आले.

सध्या आमच्या घरात पथ्य अगदी कडक चालू आहे. फक्त माणूस बदललाय.