जेवल्यावर एक गोळी

हे मी बायकोजवळ कधी बोललो नाही. बाबा अंथरुणाला खिळले होते तेव्हा रोज त्यांच्या उशाशी बसायचो, तेव्हाही बोललो नाही. तुला सांगतोय, कारण तू मला ओळखत नाहीस. आणि आधीच बजावतो — ऐकून झाल्यावर माझी समजूत काढायला येऊ नकोस. समजूतदार माणसांची मला चीड आहे.

नांदुऱ्यात माझं मेडिकल आहे. घर वडनेर भोलजीचं, वांगी-मिरची पिकवणारं. आमच्याकडे गोळीचं नाव कोणी विचारत नाही. सुट्ट्या गोळ्या कागदाच्या पुडीत बांधायच्या, ‘जेवल्यावर एक’ म्हणायचं, की काम झालं. लोक गोळी बघून नाही, देणारा बघून गिळतात. त्या भरवशावर माझं दुकान चालतं. आणि त्याच भरवशावर मी माझ्या सख्ख्या बहिणीला — थांब, आधी तिचं सांगू दे.

वर्षा माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. कॉलेजसाठी रोज नांदुऱ्याला यायची. माझ्या दुकानासमोर नितीन नावाचा पोरगा मोबाइल दुरुस्त करायचा, त्याच्यावर तिचं मन बसलं. तो दुसऱ्या समाजाचा आहे, असं मी घरी सांगितलं. ते खरंच होतं. पण माझा राग त्याचा होता का? छे. एकदा काउंटरवरून मी पाहिलं, त्याच्याशी बोलताना तिचा चेहरा कसा उजळला होता. माझ्या लग्नाला तेव्हा सात वर्षं झाली होती. माझ्याकडे बघून तसा चेहरा कोणी केला नव्हता. मी जळलो. बहिणीच्या सुखावर जळलो — बस, एवढंच कारण.

साखरखेर्ड्याचं स्थळ आलं. मुलगा शिक्षक, घरची शेती. अडचण होती ती बाबांची. बैल घ्यायचा तरी ते तीन बाजार बघायचे. ते म्हणाले, “पोरीचं मन असंन तरच. मी तिले तीनदा इचारीन, येगयेगळ्या दिवशी.” पहिल्यांदा विचारलं तेव्हा वर्षा डोळ्याला डोळा भिडवून म्हणाली, “नाई बाबा. मले नितीनशीच करायचं हाय.” बाबा बैलांना पाणी दाखवायला उठले. मला दिसलं, अजून दोनदा ती हेच म्हणणार आणि हा माणूस ऐकणार.

त्याच दिवसांत एक बाई दुकानात यायची. नवऱ्याच्या मनाच्या आजाराच्या गोळ्या न्यायची. एकदा म्हणाली, “रडनं थांबलं भाऊ, पन आता लेकराले जवळबी घेत नाई. काहीच वाटत नाई म्हनते.” मी तिला डॉक्टरांना सांगा म्हटलं. आणि तिचं बोलणं लक्षात ठेवलं.

ही गोळी चिठ्ठीशिवाय द्यायची नसते. मी रक्तवाढीच्या गोळ्यांच्या डबीत ती भरली, वर्षाला म्हटलं, “रक्त कमी दिसते तुयं. जेवल्यावर एक.” तिने नाव विचारलं नाही. भाऊच तो.

आधी ती झोपाळू झाली. मग भांडायची थांबली. एका दुपारी तिचा फोन वाजत होता, नितीनचा. ती बघत बसली, शेजाऱ्याचा फोन वाजावा तशी. वाजून वाजून बंद पडला. मी खाटेवर बसलो होतो. मला काय वाटलं सांगू? आनंद झाला. अगदी मनापासून.

दुसऱ्यांदा ती “पाहू” म्हणाली. तिसऱ्यांदा, “तुमाले बरं वाटते तं करा.” बाबांनी तिच्या तोंडाकडे कितीतरी वेळ पाहिलं. मग मला अंगणात नेऊन विचारलं, “हे मनातून बोलून राह्यली ना बे?”

मी म्हटलं, “हाव बाबा. मनातूनच.”

लग्न झालं. गोळ्या बंद झाल्या. पहिल्यांदा माहेरी आली तेव्हा ती तीन दिवस रडत होती. का, ते तिला सांगता येईना. मला सांगता आलं असतं. नितीन दुकानाला कुलूप लावून केव्हा निघून गेला, कळलंही नाही.

शिकलेली माणसं काउंटरवर उभी राहून म्हणतात, प्रेम म्हणजे काय, मेंदूतली रसायनंच. असतील. पण ती रसायनं तिची होती. दुखलं म्हणून तिने औषध मागितलं असतं, तर गोष्ट वेगळी. तिला दुखत नव्हतं. दुखत मला होतं. आणि जावई चांगला निघाला, म्हणून माझं पाप धुतलं गेलं, असं कोणी म्हणालं तर मी त्याला दुकानाच्या पायरीवरून उतरवीन.

मागच्या भाऊबीजेला ती आली. ओवाळून झालं. मेथी निवडता निवडता म्हणाली, “दादा, मी लय कोरड्या मनाची निंघाली. त्या पोरासाठी जीव द्याले तयार होती, अन् दोन महिन्यात काहीच नाई. कॉलेजच्या गेटवर तो मायासमोर रडला, मले पानीबी नाई आलं डोयात. मायात काही कमी हाय का रे?”

इतकी वर्षं ती स्वतःला बेइमान समजते आहे. तोंड उघडायला मला एवढी जागा पुरेशी होती. मी म्हटलं, “त्या वयातलं काही खरं नसते.”

तिने मान हलवली. मग म्हणाली, “आजकाल थकवा लय येते. त्या वक्ती देल्ल्या होत्या ना रक्ताच्या गोळ्या, त्या दे.”

दुसऱ्या दिवशी मी रक्तवाढीच्याच गोळ्या पुडीत बांधून आणल्या. जेवण झाल्यावर तिने माझ्यासमोर एक काढली आणि पाण्यासोबत गिळली. नाव तिने याही वेळी विचारलं नाही.