पाणी निवेपर्यंत

नव्वदच्या दशकात मी आखातात, सित्र्यातल्या एका कंपनीत क्लार्क होतो आणि मुहर्रकमध्ये दोन खोल्यांत राहत होतो. बायको रत्नागिरीहून व्हिजिट व्हिसावर आली ती अट घालूनच: आवडलं तर राहीन, नाही तर मुदत संपताच परत. माहेर तिचं मासेमारीचं. पहिल्याच बाजारात तिने एकेका माशाचे कल्ले उघडून पाहिले आणि मासेवाल्यासमोरच नाक मुरडलं.

गावाकडे नारळी पौर्णिमा झाली की होड्या लोटतात आणि मासळी सुरू होते. इथेही तसंच असणार, हे तिने गृहीत धरलं. मीही धरलं. पौर्णिमा झाल्याचं फोनवर कळताच तिने खोबऱ्याचं वाटण केलं आणि मला सुरमईला पिटाळलं. मी हात हलवत परत आलो. वाटण अंड्यांवर खपवलं.

"तुमच्या या दर्यात कायच नाय," ती म्हणाली. मी मनात व्हिसाचे उरलेले दिवस मोजले.

शेजारचे एक म्हातारे अरब एकेकाळी होडीवर होते. आमचं रडगाणं ऐकून ते पोट धरून हसले. "अभी मफी! पानी गरम. ठंड में चनाद आयेगा, इंशाल्ला." मफी म्हणजे नाही, चनाद म्हणजे सुरमई. त्यांनी वाळूवर बोटाने प्रवाह काढून दाखवला: होर्मुझमधून आत येणारं पाणी इराणच्या कडेने वर चढतं आणि वळसा घेऊन आपल्या बाजूने उतरतं. उन्हाळ्यात आपला उथळ काठ तापतो, मासा खोल पाण्यात पळतो. काठ निवला की परततो.

तेव्हापासून दर शुक्रवारी आम्ही पाणी निवलं का बघायला अरादच्या किल्ल्यापाशी समुद्रावर जायचो. ती सलवार वर खोचून पाण्यात उभी राहायची आणि मी तिचा चेहरा बघत काठावर. पाण्याच्या तापापेक्षा व्हिसाची मुदत भराभर उतरत होती. मी तर समुद्राला मनातल्या मनात शिव्याही घातल्या.

नोव्हेंबरात एका शुक्रवारी ती पाण्यात शिरली आणि किंचाळलीच. "गार! अवो, गार लागतंय! यल्ला, बाजारात चला!"

बाजारात सुरमया ओळीने पडल्या होत्या, चकचकीत. या खेपेला मासेवाल्याकडे बघून ती हसली. घरी तिने तुकड्या तळल्या आणि पहिली ताटली म्हाताऱ्यांकडे पाठवली. मग मला वाढताना, माझ्याकडे न बघता म्हणाली, "आता मोठा तवा घेऊया. या तव्यात दोनच तुकड्या मावतात."

मी त्याच संध्याकाळी मोठा तवा आणला, आणि व्हिसा वाढवायचा अर्जही.