शून्य कोडातलं घर

आमच्या घरात कॉलेजपर्यंत पोचलेली मी पहिलीच. त्यामुळे प्रकल्पाचा विषय ठरला तेव्हा मी तो सगळ्यांना सांगून बसले: श्रीवर्धन तालुक्यातल्या बायकांचं पाणी भरणं. आपल्या बोर्ली गावाबद्दल कोणी लिहिणार याचं आईला फार अप्रूप वाटलं.

सरकारी पाहणीची फाइल डाउनलोड केली. एक ओळ म्हणजे एक घर. जिल्हा दिलेला, आणि तालुक्याच्या रकान्यात कोड. आमचा कोड मी तीन दिवस शोधला. जिथे तिथे शून्य. फाइल बिघडली असेल म्हणून पुन्हा उतरवली, तरी तेच. शेवटी भीत भीत प्रकल्पाच्या मॅडमना विचारलं. लोकसंख्या कमी असली की तालुका मुद्दाम लपवतात, घर ओळखू येऊ नये म्हणून, असं त्या म्हणाल्या. शून्य म्हणजे चूक नव्हे. मला पटलं नाही. खरं सांगायचं तर रागच आला. एवढी माणसं आमच्याकडे, आणि फाइलीत आम्ही शून्य?

शुक्रवारी मसुदा दिला नाही तर सत्र वाया जाणार होतं. मग मी नको ते केलं. रायगडच्या शून्यवाल्या ओळींतून विहिरीचं पाणी, चूल आणि गॅस दोन्ही, एक माणूस मुंबईला, अशी घरं निवडली आणि त्यांच्यापुढे श्रीवर्धनचा कोड स्वतः भरला. एक ओळ तर थेट आमचीच वाटली, माणसंही पाचच. आई सुक्या कोलंबीचे सोडे निवडत बसली होती, तिला वाचून दाखवली.

"हे आपलं घर," मी म्हणाले.

तिचे हात थांबले नाहीत. "माझ्या माहेरचं पन असल."

आईचं माहेर आगरदांडा. दिघीहून फेरीबोटीत बसलं की खाडीपलीकडे तेच, पण तालुका मुरूड. मामाकडेही पाच माणसं, विहीर, चूल, गॅस, मुंबईतला मुलगा.

"आपलंच कशावरनं म्हनतीस?"

मी कोड भरलेली फाइल पुसून टाकली.

तिसऱ्यांदा फाइल उतरवली. सगळं पहिल्यापासून. शून्यांचा वेगळा गट केला: रायगड, तालुका जाहीर नाही. शीर्षकातून श्रीवर्धन काढताना जिवावर आलं. बोर्लीचं नाव येणार नाही, हे आईला सांगताना तर जास्तच. विहिरीचं येईल ना, एवढंच तिनं विचारलं. येईल म्हटलं.

शुक्रवारी मॅडमनी शीर्षक वाचलं. "तालुका कुठे गेला?"

"माहीत नाही, मॅडम," मी म्हणाले.

त्या हसल्या नाहीत, पण मसुदा ठेवून घेतला.