कंसातलं नाव

वडील सोमवारी गेले. कारखान्याचा भोंगा झाला. ते बुटाची नाडी बांधायला वाकले आणि उठले नाहीत.

आम्ही अंबरनाथला कारखान्याच्या क्वार्टरमध्ये राहत होतो. वडील तिथे स्टोअरकीपर होते. तेरावा झाला आणि ऑफिसचा शिपाई चिठ्ठी घेऊन आला. दोन महिन्यांत जागा रिकामी करून द्यायची होती. घरात आई आणि मी, दोघीच. मी उल्हासनगरच्या कॅम्पात एका शाळेत शिकवत होते.

वडील कधीतरी म्हणत, "कात्रपला आपली जागा आहे." त्यापुढे काही बोलत नसत. त्यांच्या पेटीत खरेदीचा कागद सापडला नाही. आईला विचारलं तर "मला त्यातलं काय कळतंय?" म्हणाली आणि तांदूळ निवडत राहिली.

शाळा सकाळची होती. दुपारी मी कल्याणच्या रजिस्ट्रार कचेरीत जाऊन बसू लागले. तिथे झालेल्या खरेदीखतांच्या दोन सूची असत, एक माणसांच्या नावांची, एक गावांची. मी नावांची घेतली. कारकून एकेका वर्षाचं बाड पुढ्यात आणून टाकी आणि मी वडिलांचं नाव शोधी. आमच्या आडनावाची माणसं पुष्कळ निघाली. आडनाव दिसलं की बोट थांबे. पुढे दुसऱ्याच कुणाचं नाव असे.

बाकावर शेजारी फाळणीत घरदार सिंधमध्ये सोडून आलेले एक सिंधी म्हातारे बसत. दुकानाच्या भाडेपट्ट्यासाठी त्यांचे हेलपाटे चालले होते. माझं पानं उलटणं बघून एकदा म्हणाले, "मिल जाएगा, बेटी. तेरी किताब तो इसी मुल्क में है." मला त्यांच्याकडे बघवलं नाही.

तिसऱ्या आठवड्यात कारकुनालाच कंटाळा आला. "बाई, माणूस सापडत नसेल तर गाव बघा," म्हणाला आणि त्याने दुसरी सूची दिली. कात्रपच्या नावाखाली जागा होती. बारा गुंठे. लिहून घेणार, खरेदीदार, म्हणून माझ्या थोरल्या बहिणीचं नाव होतं. पुढे "अज्ञान", म्हणजे वयात न आलेली, आणि तिचे पालनकर्ते म्हणून वडील.

ताईला मी पाहिलेलं नाही. ती पाच वर्षांची होऊन तापाने गेली आणि त्यानंतर वर्षाने मी झाले. घरात तिचं नाव कुणी घेत नसे. आडनावासकट पूर्ण लिहिलेलं ते मी पहिल्यांदा त्या बाडात वाचलं.

घरी येऊन आईला सांगितलं. ती उठली आणि तिने स्वतःची ट्रंक उघडली. तळाशी एक फ्रॉक होता. फ्रॉकच्या घडीत खरेदीखत होतं आणि दरसाल सारा भरल्याच्या पावत्या, सगळ्या ताईच्या नावाच्या.

"तिच्या बारशाला घेतली होती त्यांनी," आई म्हणाली.

"मग मी इतके दिवस कल्याणला जात होते, तेव्हा बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तिचं नाव काढावं लागलं असतं."

कात्रपचं दप्तर बदलापूरला असे. पुढच्या आठवड्यात आम्ही दोघी तिथल्या चावडीवर गेलो. तलाठ्यांनी दप्तर उघडलं, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "ही अज्ञान मुलगी म्हणजे तुम्हीच ना, बाई?"

मी काही बोलायच्या आत दारातला कोतवाल हसला. "बघा भाऊसाहेब! बाई मास्तरीण झाल्या, आन् आपल्या दप्तरात अजून फ्रॉकातच!"

"मग सोपं आहे," तलाठी म्हणाले. "आता सज्ञान झाल्या, एवढंच लिहायचं. एक अर्ज, एक सही. वारसाची भानगड असती तर नोटीस लावा, पंधरा दिवस थांबा, जुन्या नावाला कंस करा, त्याखाली नवं लिहा. ते नको."

त्यांनी अर्ज लिहून माझ्यापुढे सरकवला. आई पदराआडून हळूच म्हणाली, "कर सही. राहू दे तिला."

मी टाक घेतला. ते खोटं आहे हे मला कळत होतं. पण त्या पुस्तकात ताई अजून होती, आणि वडिलांनी इतकी वर्षं सारा भरून तिला तिथे ठेवलं होतं. मी तिच्या नावाची पहिली दोन अक्षरं लिहिली.

आईने माझं मनगट धरलं.

"ही नव्हे," ती तलाठ्यांना म्हणाली. "ही माझी धाकटी. थोरली गेली."

"कधी?"

आईने साल सांगितलं, महिना सांगितला, तिथी सांगितली.

"वय?"

"पाच वर्षं आणि चार महिने."

कोतवालाने विडी विझवली. तलाठ्यांनी अर्ज फाडला आणि दुसरा कागद घेतला. आपल्या मुलीच्या मरणाबद्दल आई माझ्यादेखत पहिल्यांदा बोलली होती, आणि ती बोलेल तसं एक परका माणूस लिहून घेत होता.

परतताना स्टेशनवर मी विचारलं, "मला का थांबवलंस?"

तिने तिकिटं पदराच्या टोकाला बांधली. मग म्हणाली, "तू तिचं नाव लिहायला लागलीस, तेव्हा तुझं नाव मला आठवेना."

नोटीस पंधरा दिवस चावडीच्या दारावर होती. मुदत संपल्यावर आम्ही पुन्हा गेलो. तलाठी म्हणाले, "कुणाची हरकत आलेली नाही."

"माझी होती," आई म्हणाली. "लिहू नका."

त्या जागेवर आम्ही दोन खोल्या बांधल्या. आई तिथेच गेली. मी तिथेच राहते. उताऱ्यावर ताईचं नाव कंसात आहे, त्याखाली आईचं कंसात आहे, त्याखाली माझं आहे. फ्रॉक ट्रंकेत आहे.