खेकड्यांनी पोखरलेला बांध

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही, आणि तिला माझं बहुतेक न सांगताच कळतं. तुम्हाला सांगतोय — तुम्ही आमच्या पेणच्या खाडीकडचे नाही म्हणून जरा सोपं जातंय, दुसरं काय.

आमची भातशेती भरतीच्या पाण्याहून खाली. मध्ये मातीचा बांध, आणि बांधात उघाडी — म्हणजे लाकडी झडप. शेतातलं पाणी बाहेर सोडते, भरती आली की आपोआप मिटते. राखण पाळीपाळीने. त्या पंधरवड्यात पाळी बाळारामची होती. माझा लहानपणापासूनचा दोस्त, शेताला शेत लागून.

कोजागिरीच्या दुपारी रोह्याहून माझ्या बहिणीचा नवरा जेवायला येणार होता. नवा जावई, आणि ताटात जिताडा नाही म्हणजे आमच्याकडे नाक कापलं. सकाळी भरती लागताना मी झडपेत दगड अडकवला. पाण्याबरोबर मासा आत येईल, मग लगेच काढू. जिताडा मिळालाही. मग पाहुणे, गप्पा, ताटं — दगड विसरलो. विसरलो, की उठायचा कंटाळा केला?

बोंब ऐकू आली तेव्हा सगळ्यांत आधी मी धावलो. गाव अजून त्याचं कौतुक करतं. उघाडीशेजारचा बांध ढासळत होता. कोणी पोचायच्या आत मी पाण्यात हात घालून दगड उपसला आणि खाडीत टाकला.

खारं पाणी लोंब्या धरलेल्या भातात शिरलं. पुढे कित्येक वर्षं तिथे काही पिकलं नाही.

"खेकड्यांनी पोखरला असंल," हे पहिल्यांदा माझ्याच तोंडून आलं. बिळं बुजवायचं काम राखण करणाऱ्याचं, म्हणून सगळे बाळारामकडे बघायला लागले. तो म्हणत राहिला, "मी बुजवली व्हती सगली." कोणी ऐकलं नाही.

पुढचं सांगायला जास्त जड जातंय. मला ती बिळं आठवायला लागली. खरंच — आधी एक, मग चार. खेकडे बांध पोखरतात, खोटं आहे का? माझंही शेत गेलंच ना? एवढ्याशा दगडाने कुठे बांध फुटतो? वर्षा-दोन वर्षांत तर मला बाळारामचा रागही यायला लागला.

आणि त्यालाही तसंच वाटायला लागलं. एकदा म्हणाला, "येखादं बील माझ्याकडूनच रायलं असंल काय रं?" मी म्हणालो, "होतं रे, माणूसच हाय."

तो रोह्याला कंपनीत लागला, तिथेच लागून असलेल्या अष्टमी गावात खोली घेतली. पण पुनवेचं उधाण आलं की शिफ्ट बदलून यायचा आणि बांधावर ओणवा होऊन चिखलाने बिळं बुजवत बसायचा. सगळ्यांची, माझ्याही हद्दीतली. पोरं हसायची. मला मात्र त्याच्याजवळून जायची भीती वाटायची. का, ते मी स्वतःला कधी विचारलं नाही.

त्याच्या शेवटच्या आजारात अष्टमीच्या खोलीवर भेटायला गेलो. हात धरून म्हणाला, "तुझंबी शेत माझ्यापायी गेलं. माफ कर मला."

मी त्याला माफ केलं. मनापासून केलं — त्या घडीला मला दगड आठवतही नव्हता. वहिनीने चहा दिला, तो प्यायलो.

एसटीत बसलो आणि तो बुळबुळीत दगड तळहाताला आठवला. गाडी अजून सुटली नव्हती. मी उतरलो नाही.

बाळाराम त्यानंतर पंधरवडाभर जिवंत होता.