सही गहिनीनाथाची, जोड एंजलचा

नागापूरच्या एमआयडीसीत प्रभुदासची पत्र्याची शेड आहे. आत दुधाच्या टाक्या आणि स्टीलच्या नळ्या. आर्गन वेल्डिंग करता करता त्याचे केस पांढरे झाले, पण त्यानं जोडलेल्या टाकीतून दुधाचा थेंब कधी बाहेर आला नाही. शिक्षण म्हणाल तर सातवी. आता त्या सातवीचीही गंमत ऐका. आयटीआयच्या पोरांची परीक्षा घ्यायला साहेब येत, पोरांचे जोड उलटेसुलटे करून बघत, आणि मग चहाच्या निमित्तानं शेडकडे वळून हळूच विचारत, याला किती द्यावे? प्रभुदास सांगे तेवढे मार्क पडत. कागदावर सही साहेबांची.

अशा माणसाची नात अणुऊर्जेचं इंजिनिअरिंग शिकायला बाहेरच्या राज्यात गेली. एंजल तिचं नाव, दुसरं वर्ष. गल्लीत बातमी फुटली तसं कुणी म्हणालं, आता ही बॉम्ब करणार. प्रभुदासची बायको मरियम चर्चच्या पायरीवर सगळ्यांना समजावून थकली, की बॉम्ब नाही बाबांनो, वीज. त्यावर काष्टीहून आलेल्या तिच्या भावानं एवढंच विचारलं, की मग आमच्या विहिरीवरच्या मोटारीला लाईट रात्रीऐवजी दिवसा येईल का? अणुशक्तीबद्दल याहून नेमका प्रश्न त्या पायरीवर अजून कुणी विचारलेला नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीत एंजल आली ती शिष्यवृत्तीचा फॉर्म घेऊन. मिळाली तर उरलेल्या दोन वर्षांची फी संस्था भरणार, शिवाय सहा आठवडे खऱ्या अणुभट्टीवर हातानं काम शिकायला मिळणार. नाही मिळाली तर तिसऱ्या वर्षाला नाव कसं घालायचं, हे घरात कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. अट एकच. आधी चार आठवडे कारखान्यात प्रत्यक्ष काम शिकल्याचा दाखला. प्रभुदासला हसू आलं. कारखाना तर घरचाच होता.

मग एंजलनं पुढचा रकाना वाचला. प्रशिक्षकाची शैक्षणिक अर्हता, किमान इंजिनिअरिंगची पदवी.

प्रभुदासनं चष्मा पुसून तो रकाना स्वतः दोनदा वाचला. "बरुबर हाय," तो म्हणाला. "शिकवनारा शिकलेला पायजे."

पदवीवाला शोधायला लांब जायचं नव्हतं. सुप्याच्या एका कंपनीत गहिनीनाथ मॅनेजर होता. पदवी घेऊन नवा नवा आला तेव्हा वेल्डिंगची टॉर्च कशी धरायची हे त्याला प्रभुदासनंच दाखवलं होतं, आणि कंपनीच्या नळ्यांचं काम तो अजून याच शेडमध्ये पाठवी. फोन गेला तसा गाडी घेऊन हजर झाला. ‘उत्कृष्ट’ या शब्दापुढं खूण करायला त्यानं पेनही उघडलं. म्हणाला, वस्ताद, पोरीला उन्हातान्हाचं कशाला राबवता, सही आत्ताच करून टाकतो.

"सही तुझीच," प्रभुदास म्हणाला. "पन चार आठवड्यांनी. तवर पेन खिशात ठेव."

तर कागदावर एंजल कंपनीची शिकाऊ झाली. आणि कंपनीचं काम शेडमध्ये, म्हणून अंगानं शेडमध्ये. पहिला आठवडा तिनं नुसती नळ्यांची टोकं घासली. अणूच्या पोटात काय चालतं ते तिला तोंडपाठ, पण ग्राइंडर सुरू झाला की दोन पावलं मागं. दुसऱ्या आठवड्यात तोंडावरच्या काळ्या काचेशिवाय ठिणगीकडे बघून बसली आणि डोळ्यांवर बटाट्याच्या चकत्या ठेवून दिवसभर पडून राहिली. मरियमनं नवऱ्याला जे ऐकवायचं ते त्या दिवशी ऐकवून घेतलं. तिसऱ्या आठवड्यात मात्र पोरीचा हात बसायला लागला.

शेवटच्या दिवशी परीक्षा, आणि फॉर्म पाठवायची मुदत त्याच संध्याकाळी पाचची. परीक्षा प्रभुदासच्या नेहमीच्या रीतीची. नळीची दोन्ही तोंडं बंद करायची, आत हवा भरायची आणि जोडावर साबणाचं पाणी लावायचं. बुडबुडा आला की जोड गळका. गहिनीनाथ सहीसाठी अकरालाच येऊन स्टुलावर बसला.

पहिल्या जोडावर बुडबुडा आला. टोक नीट पुसलेलं नव्हतं, तेलकट राहिलं होतं. दुसरा जोड तिनं जीव ओतून केला, तर तो काळा पडला आणि त्याच्यावर मोहरीएवढे तीन बुडबुडे. प्रभुदास त्या जोडाकडे बघत राहिला, मग सावकाश मागं वळला. टेबलफॅन भरधाव फिरत होता.

"ह्यो कुनी लावला?"

"मी," डबा घेऊन आलेली मरियम म्हणाली. "पोर घामानं निथळतीय, दिसत न्हाई का तुमास्नी?"

आर्गन वायू जोडाभोवती दुलईसारखा बसतो, तेव्हा कुठं धातू नीट धरतो. आजीच्या मायेनं ती दुलई पार शेडबाहेर उडवून लावली होती. काच खाली ओढलेल्या एंजलला वाटलं, बाहेर वारं सुटलंय.

चार वाजता तिसरा जोड लागला. सगळे साबणाच्या पाण्यावर वाकले. बुडबुडा नाही. गहिनीनाथनं ‘उत्कृष्ट’वर खूण केली आणि सही ठोकली. खाली शेऱ्यासाठी दोन ओळी रिकाम्या होत्या. प्रभुदास म्हणाला, लिही, पहिला गळला, दुसरा गळला, तिसरा धरला.

"वस्ताद, नातीच्या पायावर धोंडा पाडताय. दुसऱ्या कुणाच्या फॉर्मवर असलं काही नसणार."

"माझ्या टाकीतनं गळलं तर दूध गळंल, गहिनी. ही जिथं जानार तिथं काय गळंल, ते तुला ठावं. मला न्हाई."

गहिनीनाथनं पेन पुन्हा उघडलं. एंजलनं फॉर्म ओढून घेतला आणि ती ओळ स्वतःच्या हातानं लिहिली. का गळला तेही लिहिलं, तेलकट टोक आणि पंख्याचा वारा. पंखा कुणी लावला, ते मात्र गाळलं. फॉर्म पाचच्या आत गेला.

महिन्यानं मोबाईलवर मुलाखत झाली. समोर तीन साहेब. अणूबद्दल एक अक्षर विचारलं नाही. बाकी सगळ्यांच्या फॉर्मवर नुसतं उत्कृष्ट, जोड गळल्याचं हिच्या एकटीच्या. त्यामुळं अर्धा तास त्या दोन गळक्या जोडांवरच गेला. शेवटी एका साहेबानं विचारलंच, की पंखा लावला कुणी? एंजलला खोटं बोलता येईना. म्हणाली, आजीनं. शिष्यवृत्ती मिळाली.

मरियम आता चर्चच्या पायरीवर सांगते, की नातीला शिष्यवृत्ती माझ्या पंख्यानं मिळवून दिली. त्यावर वाद घालायची कुणाची छाती नाही, प्रभुदासची तर नाहीच.

संस्थेचं दुसरं पत्र सुप्याला गेलं. प्रशिक्षक गहिनीनाथ यांच्या कसोशीचं कौतुक करून, पुढच्या तुकडीला जोड लावून तो तपासण्याचं प्रात्यक्षिक त्यांनी स्वतः येऊन दाखवावं, अशी नम्र विनंती होती. म्हणून हल्ली दर शनिवारी मॅनेजरसाहेबांची गाडी शेडपुढं उभी असते. साहेब बाह्या दुमडून नळीवर वाकतात, आणि प्रभुदास शेजारी साबणाच्या पाण्याची वाटी घेऊन उभा राहतो. चार शनिवार झाले. बुडबुडे अजून येतातच आहेत.