न पिणाऱ्यांचं लिव्हर

आमची चुलतबहीण संयोगिता सांगलीच्या एका इस्पितळात लिव्हरवर संशोधन करते, तेही न पिणाऱ्यांच्या. गावात हे सांगितलं की लोक हसायचे. इस्लामपूरजवळच्या आमच्या ऊसवाल्या गावात लिव्हर हा दारुड्यांचा अवयव. बाकीच्यांनाही तो असतो, याची कुणाला खबरच नव्हती.

बाई हट्टाची. घरोघर फिरून विचारायची, काय खाता, किती चालता. पण उत्तर मिळायचं ते चहाचा कप रिकामा केल्यावर, आणि आमच्याकडचा चहा म्हणजे ओठाला ओठ चिकटावा इतका गोड. नको म्हटलं तर घरची बाई रुसणार. संशोधन पुढं सरकत होतं आणि संयोगिताचे ड्रेस घट्ट होत होते. मी एकदा तसं म्हणालो, तर कितीतरी दिवस माझ्याशी बोलली नाही.

तिची खरी काळजी घरातच होती. तिचे वडील कृष्णाततात्या पलटणीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. दारूला कधी शिवले नाहीत. रमचा सगळा कोटा दोस्तांना वाटून टाकला, हे त्यांनी आम्हाला लढाईपेक्षा जास्त वेळा सांगितलंय. हल्ली ते लवकर थकायचे, रक्ताचा रिपोर्टही बरा नव्हता. पण लिव्हरच्या तपासणीचं नाव काढलं की तात्या उसळायचे.

"लोकं म्हणतील, सुभेदारानं पेन्शनीत सुरू केली!"

शेवटी तिनं लिव्हर तपासायचं यंत्रच गावात आणलं. देवळाच्या सभामंडपात पडदा बांधून खाट टाकली. गाव जमलं, पण आत कोण जातंय ते बघायला. तात्याही आले होते, लेकीला मदत म्हणून खुर्च्या मांडायला. खाटेला मात्र कुणी पाठ टेकेना.

दुपार झाली तशी संयोगिता वैतागली. पडदा सारून स्वतःच आडवी झाली आणि हाताखालच्या सोनमला म्हणाली, "लाव." यंत्रानं बरगडीवर टकटक केलं. सोनमनं आकडा बघितला आणि तिच्या कानाशी वाकली.

"मोठ्यानं सांग."

"मॅडम, तुमच्या लिव्हरवर चरबी हाय."

मग मागून आमची शेजारीण शालूबाई बोलली, "आगं बया, पोरगी पिती व्हय?"

सगळ्या माना तात्यांकडं वळल्या. त्यांच्या हातातली खुर्ची धाडकन खाली पडली.

"माझी लेक दारूला शिवत न्हाई!"

"मग लिव्हर कशानं बिगडलं?" शालूबाई काय सोडणार?

तात्यांना लेकीची अब्रू वाचवायला आता एकच वाट होती. "न पिताबी बिगडतंय! गोडानं, नुसतं बसून ऱ्हाण्यानं. इतकी वर्सं त्येच शोधतीया ती. कुणी ऐकलं तर!" स्वतः त्यांनी कधी ऐकलं होतं, ते देवच जाणे.

"मग झोपा तात्या," संयोगिता म्हणाली. "तुमीच दावा समद्यास्नी."

भर गावात बोलून बसल्यावर माघार कशी घेणार? सुभेदार शर्ट वर करून खाटेवर ताठ झोपले, जणू साहेब तपासणीला आलाय.

या वेळी संयोगितानं स्वतः यंत्र धरलं. आकडा आला. तिनं पुन्हा लावलं. पुन्हा तोच.

"चरबीच्या पुढं गेलंय, तात्या," ती हळू आवाजात म्हणाली. "लिव्हर कडक व्हायला लागलंय. आजपासनं पथ्य आणि औषध."

तात्या उठून बसले आणि परेडच्या आवाजात गावाला म्हणाले, "बघितलंसा? एक थेंब घेतला न्हाई मी, तरी झालं. माझी लेक खरं सांगत हुती!"

शालूबाई सगळ्यात आधी रांगेत लागली. तिच्यामागं गाव.

संयोगिता बापाच्या बरगडीवरचं, यंत्रासाठी लावलेलं जेल पुसत होती. आपलं संशोधन खोटं ठरावं, असं तिला आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं. सुभेदाराच्या खांद्यावर डोकं टेकून ती भर मंडपात रडली.